बेरीज सत्त्याऐंशी

आमच्या पिढीची दत्तकाशी ओळख इतिहासाच्या पुस्तकात झाली आणि ती काही चांगल्या प्रसंगी झाली नाही. राजा निपुत्रिक वारायचा, मूल दत्तक घेतलं जायचं आणि पुढच्याच ओळीत डलहौसी हजर. १८४८ साली सातारा गेलं, १८५४ साली नागपूर आणि झाशी. 'दत्तक वारस नामंजूर' एवढं लिहिलं की दोन गुण हमखास. त्यामुळे आपण सगळं रीतसर करायचं, होमहवन करायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि मग दूर कुठेतरी बसलेल्या एका साहेबाने तो कागद बाजूला सारायचा, म्हणजे दत्तक, अशी समजूत डोक्यात पक्की बसली. न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याने आणि भाचेसुनेने गेल्या वर्षी भारतातून दोन मुलं दत्तक घ्यायचं ठरवलं. त्यांचे कागद सुरू झाले तेव्हा लक्षात आलं, की साहेब अजून आहेत. फक्त ते आता दोन देशांत वाटलेले आहेत.

बातमी आली रविवारी. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, भाच्याची आई, कोथरूडला असते. तिने फोन स्पीकरवर टाकला होता. भाचा बराच वेळ हवामानावर बोलला. मग म्हणाला, "आई, आम्ही मुलं दत्तक घ्यायचं ठरवलंय. भावंडं. दोन."

"दोन? एकदम?"

"हो."

ताई थोडी थांबली आणि म्हणाली, "बरं. जेवलास का?"

आमच्या घरात मोठ्या बातमीनंतर 'जेवलास का' विचारलं, की बातमी पोचली आणि मंजूर झाली असं समजायचं. बाकीच्या नातेवाइकांची मंजुरी कोणी मागितली नव्हती, पण ती चर्चा मात्र सविस्तर झाली. एका काकूंना मुलांची जात कशी कळणार याची काळजी लागली. दुसऱ्या एकींनी वर्णाचा विषय 'सहज' काढला. एक काका रक्तावर आले. रक्ताचं ते रक्तच, कुठेतरी बोलतंच, वगैरे. हे काका गेली कित्येक वर्षं दर वाढदिवसाला नेमाने रक्तदान करतात. ते रक्त कुणाच्या अंगात गेलं आणि तिथे जाऊन काय बोललं, याची चौकशी त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं पुण्यात घडत होतं, याचं मला विशेष वाटलं. याच गावात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तो यशवंत. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, दत्तकाचा हक्क मानेनात. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवं त्यांनी स्वतः धरलं. यशवंत डॉक्टर झाला होता. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या. त्यांच्या नावाचं विद्यापीठ आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. काका तिथल्याच पदवीचा कागद फ्रेम करून लावतात. रक्ताच्या मुद्द्यावर मी त्यांना यशवंतची आठवण करून दिली, तर म्हणाले, "ते थोर लोक होते." आपल्याकडे एखाद्याचं अनुकरण टाळायचं असेल तर त्याला थोर म्हणून टाकतात. मग त्याच्यासाठी एक पुतळा पुरतो.

असो. कागदांकडे येतो.

पहिला पेच पासपोर्टचा निघाला. भारताचा पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहत असला, तरी दत्तकाच्या रांगेत तो इथल्या माणसांच्या बरोबरीने उभा राहतो. भाचा आणि भाचेसून यांनी मात्र अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन टाकलेलं. भारताचा पासपोर्ट निळा, अमेरिकेचाही निळाच, पण रांग बदलली. आता त्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे व्हिसा न काढता दिवाळीला येता येतं. मुलांच्या बाबतीत मात्र ते परदेशी. त्यांनी परस्पर दिल्लीला अर्ज करायचा नाही. अमेरिकेतल्या, भारताने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फत जायचं. ती संस्था अर्ज दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर चढवते. या प्राधिकरणाला सगळे 'कारा' म्हणतात. नाव तुरुंगासारखं आहे, पण त्याला इलाज नाही.

आणि रांग केवढी! आपल्या देशात तीस हजारांहून जास्त कुटुंबं नाव नोंदवून बसली आहेत. २०२४-२५ मध्ये देशात आणि परदेशात मिळून दत्तक गेली साडेचार हजारांच्या आसपास मुलं. आपण लहानपणापासून 'अनाथ मुलं खूप, घेणारे कमी' असं ऐकत आलो. प्रत्यक्षात तान्ह्या, धडधाकट बाळासाठी इथलीच जोडपी तीन-तीन, साडेतीन वर्षं थांबतात. परदेशी जातात ती वर्षाला साडेतीनशे ते साडेचारशे, आणि त्यात बरीचशी मुलं इथे ज्यांच्यासाठी कोणी थांबत नाही अशी असतात. थोडी मोठी झालेली, आजारपण किंवा काही व्यंग असलेली, आणि भावंडं. दोन भावंडांची शक्यतो ताटातूट करायची नाही असा दंडक आहे, आणि एकदम दोघांना घर देणारे आपल्याकडे थोडे. भाचेसून हे सगळं वाचून बसली होती. "मामा, आम्ही दोन मागितली असं नाही," ती म्हणाली. "दोघं एकत्र आहेत आणि एकत्रच राहायला हवीत, अशी मुलं असतात. त्यांना कोणीतरी पाहिजेच ना?" तिला मी नेहमी अबोल समजत होतो.

दुसरा पेच गणिताचा. आपल्याकडे लग्न ठरवताना छत्तीस गुण जुळवतात. कारा नवरा-बायकोच्या वयांची बेरीज करते. बेरीज पंच्याऐंशीच्या आत असेल तर दोन वर्षांखालचं मूल मिळू शकतं. नव्वदच्या आत तर दोन ते चार वर्षांचं, शंभरच्या आत तर चार ते आठचं आणि एकशे दहाच्या आत तर त्याहून मोठं. मूल आणि आईबाप यांच्या वयात पंचवीस वर्षांचं अंतर पाहिजे ते वेगळंच. आमचा भाचा पंचेचाळीस, त्याची बायको बेचाळीस. बेरीज सत्त्याऐंशी. ताईने ती पंचांगाच्या मागच्या पानावर पेनाने मांडून खात्री करून घेतली. मग मला म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी ठरवलं असतं तर?" मी म्हटलं, सत्त्याहत्तर. तिने तेही लिहिलं. मग माझी आणि माझ्या बायकोची बेरीज केली आणि म्हणाली, "तुमचं काही होणार नाही."

मला यातली एक गोष्ट आवडली. वयाचा हिशेब नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा असा नाही. दोघांचं मिळून एक वय धरलंय. संसाराबद्दल सरकारने इतकं समजूतदार विधान दुसरीकडे कुठे केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. प्राप्तिकर खातं तर अजूनही दोघांना वेगवेगळंच मोजतं.

मग होम स्टडी. संस्थेची समाजसेविका घरी येते, तीन-चार वेळा बसते, दोघांशी एकत्र बोलते, मग वेगवेगळं बोलते आणि अहवाल लिहिते. घरात धुराची सूचना देणारी यंत्रं चालू आहेत का, औषधं कुलपात आहेत का, आग लागली तर बाहेर पडायची वाट कोणती, नळाला येणारं गरम पाणी १२० अंश फॅरेनहाइटच्या वर तर जात नाही ना. हे शेवटचं ऐकून ताई चमकली. तिने दोन मुलांना बंबाच्या पाण्याने आंघोळी घालून वाढवलं. बंबाला अंश नसतात, आचेचा एक अंदाज असतो. बाकी सगळं पास झालं. फक्त गॅरेजमधले रंगाचे जुने डबे आणि कुठलंतरी तणनाशक उंचावर, बंद कपाटात ठेवा असा शेरा आला. भाच्याचं गॅरेज मी पाहिलंय. तिथे गाडी सोडून सगळं असतं.

घराच्या परीक्षेचं मला आधी जरा विचित्र वाटलं, कारण आपल्या इतिहासात परीक्षा मुलाची व्हायची. १८७५ साली बडोद्याच्या गादीसाठी महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यायचा होता. तेव्हा मालेगावजवळच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या भाऊबंदांतली तीन मुलं नेली. प्रत्येकाला विचारलं, इथे कशाला आलास? त्यातला गोपाळ म्हणाला, राज्य करायला, असं सांगतात. तोच निवडला गेला आणि पुढे सयाजीराव झाला. उत्तर चोख होतं आणि माणूसही पुढे चोख निघाला. पण न निवडलेल्या दोघांना त्या दिवशी काय वाटलं असेल? आता उलटं आहे. मुलाला काही सिद्ध करावं लागत नाही. भाच्याने बँकेची स्टेटमेंटं दिली, डॉक्टरचे दाखले दिले, बोटांचे ठसे दिले. अठराव्या वर्षापासून ज्या ज्या ठिकाणी राहिला तिथे मुलांशी गैरवर्तनाची काही नोंद नाही ना, हे तपासायला संमती दिली. त्यात पुण्याचा हॉस्टेलचा पत्ताही आला. हॉस्टेल कधीच पाडलंय, तिथे आता मॉल आहे.

यातल्या प्रत्येक कागदाला आपापलं आयुष्य आहे. बोटांचे ठसे पंधरा महिन्यांनी शिळे होतात. बोटं तीच असतात, पण ठसे पुन्हा द्यावे लागतात. होम स्टडीचा अहवाल भारताच्या लेखी तीन वर्षं चालतो आणि अमेरिकेच्या खात्यात दाखल करताना मात्र सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. शिवाय कागदावर नोटरी, नोटरीवर ट्रेंटनचं, म्हणजे न्यू जर्सी सरकारचं, अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का), अपोस्टीलवर कुरियरचा स्टिकर. भाचेसुनेने फ्रिजच्या दारावर एक तक्ता केलाय, कुठला कागद कधी नासणार त्याचा. तिच्या फ्रिजमधलं पनीरसुद्धा इतक्या काटेकोर तारखांनी जगत नाही.

माझा प्रत्यक्ष संबंध आला तो शिफारसपत्राशी. अर्जदारांना ओळखणाऱ्या दोघांची पत्रं लागतात, नातेवाईक असले तरी चालतात. भाच्याने मला विचारलं. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, जामीनदारांची पत्रं वाचण्यात अर्धी गेली. 'सदर इसमास मी लहानपणापासून ओळखतो, त्यांची वर्तणूक चांगली आहे' हे वाक्य ज्या पत्रात असतं, ते कर्ज बुडतं. म्हणून मी ठरवलं, पत्रात निदान एक दोष लिहायचा.

पहिल्या पानावर त्याचं शिक्षण, नोकरी, दोघांचं एकमेकांशी वागणं, भाचेसुनेने माझ्या बायकोच्या आजारपणात दीड महिना इथे येऊन काय काय केलं ते. दुसऱ्या पानावर लिहिलं, की मुलगा हट्टी आहे. नऊ वर्षांचा असताना त्याने वांग्याची भाजी खायला नकार दिला. ताई म्हणाली, ताट संपल्याशिवाय उठायचं नाही. तो बसला. दुपारचे साडेचार वाजले तरी ताई हटेना आणि तो हटेना. शेवटी ती भाजी मी खाल्ली. बायको म्हणाली, हे काढून टाका, मुलं मिळायची नाहीत. मी काढलं नाही. नोटरीकडे गेलो. शिवाजीनगरला कोर्टाच्या बाहेर एका टेबलामागे ते बसतात. त्यांनी पत्र वरून खालपर्यंत पाहिलं आणि रजिस्टर उघडत विचारलं, "व्यवहार किती रकमेचा?" मी म्हटलं, रक्कम नाही, दत्तक आहे. ते म्हणाले, "मग वांग्याचं कशाला?" म्हणजे वाचलं होतं तर.

तीन आठवड्यांनी समाजसेविकेचं उत्तर आलं. पत्र फार उपयोगी पडलं म्हणाली. संस्थेत वाढलेल्या मुलांपैकी काही जण जेवणावरून अडतात, काही पोळ्या उशीखाली लपवून ठेवतात. घरातल्या ताटावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. तेव्हा मूल ताटावर अडून बसलं तर तुम्ही काय कराल, असं तिने वांग्याचा दाखला देऊन भाच्याला विचारलं. भाचा म्हणाला, "मामाला बोलावू." हे उत्तर अहवालात गेलंय की नाही, ते मला माहीत नाही.

पण या साऱ्या कागदांवर हसून झालं की एक जाहिरात आठवते. मराठी वर्तमानपत्रांत आतल्या पानावर, जमिनीच्या जाहीर नोटिसा आणि नावात बदल यांच्या शेजारी, कधी कधी एक छोटा फोटो असतो. टक्क डोळ्यांचं एक मूल, कुणाच्यातरी हाताने टेकू देऊन बसवलेलं. खाली बाल कल्याण समितीच्या वतीने निवेदन, की हे बालक अमुक तारखेला अमुक ठिकाणी मिळालं, नातेवाइकांनी इतक्या दिवसांत संपर्क साधावा. मी ही पानं पूर्वी फ्लॅटचे भाव बघायला उघडत असे. आता फोटोखालची तारीख बघतो. दोन वर्षांपर्यंतचं मूल असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार महिने कोणी यायची वाट बघतात, मगच ते दत्तकासाठी मोकळं ठरतं. ज्या आईने स्वतः येऊन समितीपुढे सही केली असेल, तिलाही साठ दिवस दिलेले असतात. त्या साठ दिवसांत ती परत येऊन म्हणू शकते, की माझं मूल मला द्या.

भाच्याच्या फ्रिजवरच्या तक्त्यात ते साठ दिवस नाहीत. ते दुसऱ्या कुणाच्यातरी तक्त्यातले आहेत, आणि मला वाटतं, भाच्याला लागणारा सगळा उशीर त्या बाईच्या नावावर मांडायला हरकत नाही. कारण पूर्वी उशीर होत नसे. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं, की आपल्याकडची मुलं परदेशी पाठवताना गैरप्रकार होतायत. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. आज भाच्याला जे जे विचारलं जातंय त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ तिथे आहे. एका पत्राने किती काम होतं बघा. माझं वांग्यापाशीच थांबलं. तरी त्यानंतरही, १९९९-२००० च्या सुमाराला, आंध्रात लंबाडा वस्त्यांतल्या तान्ह्या मुली थोड्या पैशांत आणून दत्तकाच्या वाटेला लावल्याची प्रकरणं निघालीच. १९९३ साली हेगला झालेला आंतरराष्ट्रीय करार भारताने २००३ साली मान्य केला, अमेरिकेत तो २००८ पासून लागू झाला. त्याचा साधा अर्थ असा, की मूल कुठून आलं आणि कोणी दिलं हे दोन्ही सरकारांनी सह्या करून सांगायचं.

ते सांगितलं नाही तर काय होतं, ते कोरियात दिसलं. तिथून काही दशकांत दीड-दोन लाख मुलं बाहेर गेली. त्यातली कितीतरी मुलं, आईबाप जिवंत असताना, कागदोपत्री अनाथ दाखवलेली होती, असं तिथल्याच सरकारी आयोगाने २०२५ साली सांगितलं. आता पन्नाशीला आलेली ती माणसं कोपनहेगनहून, मिनेसोटातून सोलला जातात आणि कचेऱ्यांत आपली फाईल मागतात. आपल्याकडेही येतात. हॉलंड, स्वीडनमध्ये वाढलेली, मराठीचा एक शब्द न येणारी, नाव मात्र कुठल्यातरी परिचारिकेने ठेवलेलं, अशी माणसं पुण्या-मुंबईच्या जुन्या संस्थांच्या दारात उभी राहतात. एखादीच्या हातात एकच पिवळा कागद असतो आणि त्यावर तारीख चुकीची असते. हे ऐकल्यापासून अपोस्टीलवर मी विनोद जरा जपून करतो. भाच्याला मात्र करू देतो. फी तो भरतोय.

आंतरदेशीय दत्तक एकूणच आटत चाललंय. २००४ साली अमेरिकेत बाहेरून सुमारे तेवीस हजार मुलं आली होती. २०२३ मध्ये तेराशेसुद्धा आली नाहीत. चीनने २०२४ साली दार लावून घेतलं, हॉलंडने यापुढे नवीन नको म्हटलं. दारं लावणाऱ्यांची कारणं मला पटतात. आणि तरीही, ज्यांच्यासाठी इथे रांगेत कोणी थांबलेलं नाही अशी दोन भावंडं एका खोलीत वाढत असतील, तर त्यांना दार कोणी उघडायचं, याचं उत्तर बंद दारात मिळत नाही. हेही मला पटतं. दोन्ही पटणं शक्य आहे. बँकेत असताना नव्हतं, तिथे ताळेबंद जुळावा लागायचा.

एक गंमत राहिली. दत्तकाचा आदेश आता न्यायालय नव्हे, जिल्हाधिकारी देतात, २०२२ पासून. तो आदेश आणि बाकीचे सोपस्कार भारतात पुरे झाले, की मुलांना मिळणारा व्हिसा असा असतो, की आईबापांबरोबर अमेरिकेत राहायला म्हणून विमानतळावर प्रवेश मिळाला, की ती अमेरिकेची नागरिक होतात. आमचा भाचा त्यासाठी नोकरीचा व्हिसा, ग्रीन कार्ड, मुलाखत, शपथ असं करत पंधरा-सोळा वर्षं थांबला. "म्हणजे तुझ्यापेक्षा हुशार निघणार," ताई म्हणाली.

ताईची मुलाखत शेवटी झाली. आजीचं मत विचारायचं असतं. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला. ताई चंदेरी नेसून, चष्मा पुसून टॅबलेटसमोर बसली. शेजारी मी, गरज पडली तर भाषांतराला. पडद्यावर समाजसेविका, खालच्या चौकोनात भाचा आणि भाचेसून. आधी सोपे प्रश्न झाले. मग समाजसेविकेने विचारलं, तुम्ही तुमच्या मुलांना शिस्त कशी लावलीत?

"मारायचे," ताई मराठीत म्हणाली.

मी इंग्रजीत म्हणालो, की त्या काळी तशी पद्धत होती.

ताईने माझ्याकडे पाहिलं. ती तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होती, इंग्रजी तिला माझ्यापेक्षा बरं येतं. तिने सरळ इंग्रजीत सांगितलं, की मी मारत असे, त्याने भूगोल आला नाही आणि वांगीही खाल्ली गेली नाहीत, तेव्हा यांनी मारू नये. समाजसेविका बराच वेळ लिहीत होती.

मग तिने रीतीप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय?

ताईने पंचांग उघडलं. मागच्या पानावर बेरजेच्या खाली प्रश्न होते, क्रमांक घातलेले. शाळेतून मुलं किती वाजता येणार आणि तेव्हा घरात कोण असणार? मुलं ओडिशाची किंवा झारखंडची असली आणि त्यांना यांची मराठीही कळली नाही आणि इंग्रजीही, तर पहिले सहा महिने भांडणं कुठल्या भाषेत करायची? थोरलं धाकट्याला सांभाळत आलं असणार, त्याला आता सांभाळायचं नाही हे कोण सांगणार? समाजसेविका प्रत्येकाला उत्तर देत गेली. थोरल्याच्या प्रश्नावर थांबून म्हणाली, हे मी प्रशिक्षणात घालायला सांगते. दहा तासांचं सक्तीचं प्रशिक्षण असतं या दोघांना. ताई म्हणाली, दहा कमी आहेत.

"आणि त्या मुलांना कोणी विचारतं का," तिने शेवटचं विचारलं, "की तुम्हाला जायचंय का म्हणून?"

समाजसेविका म्हणाली, हो. पाच वर्षांच्या वरच्या मुलाची संमती घ्यावीच लागते, भारताचा नियमच आहे तसा. फोटो दाखवतात. घराचे, आईबापांचे. बोलणंही करून देतात.

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

ताईने मान हलवली, पंचांग मिटलं आणि खालच्या चौकोनात भाच्याकडे पाहिलं.

"ऐकलंस ना? मग बसलायस काय? ऊठ आणि आधी ते गॅरेज आवर. फोटो काढायचेत."